दप्तर कोणाचे?

(नभोवाणीवरील भाषण)



दप्तर हा शब्द आपल्या बोलण्यात दोन अर्थांनी येतो. मुलाच्या खांद्यावर असते तेही दप्तर आणि कचेरीच्या कपाटात कुलपात असते तेही दप्तर. पहिल्यात काय आहे ते आम्ही शिक्षक वाटेल तेव्हा उघडून पाहतो. दुसऱ्यात काय आहे ते पाहण्याचा कायदेशीर हक्क साऱ्या देशातील नागरिकांना मिळावयास मात्र २००५ साल उजाडावे लागले. आज मला या दुसऱ्या दप्तराविषयी बोलावयाचे आहे. कारभार उघड्यावर चालला तर राजकारणात काय फरक पडतो आणि माणसाच्या पोटापाण्यात काय फरक पडतो, एवढाच प्रश्न मी घेतला आहे.

हा प्रश्न परदेशातून आलेला आहे असे पुष्कळांस वाटते. आपल्याकडे तो शंभर वर्षांहून जुना आहे. इंग्रज सरकार लोकांना विचारून कर बसवीत नसे. परंतु जमाखर्चाचे आकडे मात्र ते छापीत असे. जाडजूड, रूक्ष अशी ती पुस्तके वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेत. त्या थोड्यांत एक होते गणेश व्यंकटेश जोशी. पेशाने शिक्षक, सरकारी शाळेचे हेडमास्तर. शाळा सांभाळून हा गृहस्थ सरकारच्या जमाखर्चाचे कोष्टक एकाशी एक ताडून पाही आणि त्यातून निघालेला निष्कर्ष सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिही. पुढे हीच सामग्री गोपाळ कृष्ण गोखले यांच्या हाती आली. गोखलेही मूळचे शिक्षकच, आणि अंकगणिताचे पुस्तक लिहिलेले. १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावरील आपल्या पहिल्या भाषणात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. दुष्काळाने आणि प्लेगाने रयत खचली असता तिजोरीत शिल्लक पडते, ती भरभराटीची खूण नव्हे, कर जास्त घेतल्याची खूण आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मिठावरील कर त्या वेळी मणाला अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक. हे एकट्या गोखल्यांच्या भाषणाने झाले असे कोणी म्हणू नये. पण गरिबाच्या भाकरीवरील मीठ स्वस्त होण्यात त्या छापील आकड्यांचा आणि ते वाचणाऱ्या एका हेडमास्तरांचा वाटा होता, हे मला आमच्या पेशाच्या अभिमानाने सांगावेसे वाटते.

मात्र आकडे छापणाऱ्या त्याच सरकारने मूळ कागद लोकांच्या दृष्टीस पडू नयेत याचीही तजवीज करून ठेविली. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ चा. राज्य गेले, कायदा राहिला. त्याहीपेक्षा त्या कायद्याने लावलेली सवय राहिली. कागद मागणारा म्हणजे भांडखोर, आणि कागद दाखविणारा कारकून म्हणजे बेसावध, अशी ती सवय आहे.

मी बऱ्हाणपूरचा रहिवासी. आमच्या गावी कुंडी भंडारा पाहिल्यावाचून पाहुणा परत जात नाही. १६१५ च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या अमदानीत आणि अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणण्याची ही योजना झाली. बोगदा कोणास दिसत नाही. दिसतात त्या ठराविक अंतरावर वर उघडणाऱ्या, विहिरीसारख्या गोल कुंड्या, शंभराच्या वर. या कुंड्यांचा उपयोग केवळ पाणी शेंदण्यापुरता नाही. त्यांतून बोगद्यात हवा खेळते, आत उतरता येते, आणि गाळ कोठे साचला, पाणी कोठे अडले, हे वाकून पाहता येते. कुंड्या नसत्या तर पाणी शहरात का पोहोचत नाही याचा वाद घालीत लोक शहरातच बसले असते आणि बोगदा कोठे बुजला हे कोणास कळले नसते.

सरकारी पैशाचा प्रवासही असाच जमिनीखालून होतो. तो भोपाळहून किंवा दिल्लीहून निघाल्याचे आपण वाचतो आणि गावी किती पोहोचला ते डोळ्यांनी पाहतो. मधली वाट अंधाराची. आफ्रिकेतील युगांडा देशात ही वाट एकदा मोजली गेली. तेथील सरकार प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे अनुदान देत असे. १९९१ ते १९९५ या काळातील शाळांच्या वह्या तपासल्या तेव्हा असे आढळले की, मंजूर झालेल्या शंभर शिलिंगांपैकी सरासरीने अवघे तेरा शाळेच्या दारापर्यंत येत होते. यावर सरकारने केलेला उपाय फार साधा होता. कोणत्या जिल्ह्यास कोणत्या महिन्यात किती रक्कम पाठविली ते वर्तमानपत्रांत छापावयाचे आणि शाळेच्या भिंतीवरही लावावयाचे. २००१ पर्यंत हे प्रमाण शंभरास ऐंशीच्या वर गेले. त्या काळात तेथे इतरही सुधारणा झाल्या, म्हणून सगळे श्रेय वर्तमानपत्राला देऊ नये असे काही अभ्यासक म्हणतात, आणि ते रास्तही आहे. तरीपण हेडमास्तरास आपले किती येणे आहे हेच जर ठाऊक नसेल तर तो मागणार तरी काय? (जाता जाता सांगावयास हरकत नाही की, आपल्या देशात वृत्तपत्राचा कागद करणारा पहिला कारखाना आमच्याच नेपानगरला निघाला आणि १९५६ साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्रास अर्पण केला. त्या कागदावर काय छापले जाते ही निराळी गोष्ट.)

आपल्याकडे ही कुंडी खणली ती खेड्यातील मजुरांनी. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातील कोट किराना या गावी मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरविली. पद्धत शाळेतल्या हजेरीसारखी होती. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले गावापुढे मोठ्याने वाचावयाची आणि ज्याचे नाव येईल त्याने उठून सांगावयाचे की, मी हे काम केले, किंवा मी त्या दिवशी गावातच नव्हतो. अशा सुनावण्या पुढे गावोगाव झाल्या. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी याच मागणीसाठी आंदोलने केली, आणि ऑगस्ट २००३ मध्ये त्या राज्याच्या माहिती अधिकार कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला.

या कायद्याचे नाव सर्वांनी ऐकले आहे, पण पोटातील कलमे फारशी कोणी वाचलेली नाहीत, म्हणून थोडा वेळ घेतो. दहा रुपयांचे शुल्क. दारिद्र्यरेषेखालील माणसास तेही नाही. उत्तर तीस दिवसांत. प्रश्न जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती नाही. ज्यास लिहिता येत नाही त्याचा तोंडी अर्ज लिहून घेण्यास मदत करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. विनाकारण टाळाटाळ केल्यास दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड, तोही अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. आणि सर्वांत मौजेची गोष्ट अशी की, माहिती म्हणजे नुसता कागद नव्हे. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना मागण्याचा हक्कही त्यात आहे. शाळेच्या नव्या भिंतीत सिमेंट किती आणि वाळू किती हे पाहावयाचे असेल तर त्याची वाट कायद्याने करून ठेविली आहे.

राजकारणावर याचा परिणाम काय झाला? मुंबईत आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीसंबंधी कार्यकर्त्यांनी या कायद्याखाली कागद मागविले, प्रकरण वर्तमानपत्रांत आले, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षाच्या आरंभी, १३ जानेवारीस, जमिनीच्या व्यवहारांचे कागद मागणारे तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांचा भर रस्त्यात खून झाला होता. या दोन घटना मी मुद्दामच एकापाठोपाठ सांगतो. दहा रुपयांचा अर्ज तो, पण तो ज्याच्या टेबलावर जाऊन पडतो त्यास त्याची किंमत नेमकी कळते.

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते सगळेच खोटे नाहीत. अर्जाचा धाक दाखवून पैसे उकळणारे लोक आहेत. आपला शेरा उद्या बाहेर फुटेल या भीतीने अधिकारी मोकळे मत लिहीत नाही, फाईल पुढे ढकलतो, असेही होते. परंतु गुप्ततेचा खर्च कोणी मांडत नाही. कंत्राट कोणत्या भावाने सुटले हे दोघातिघांसच ठाऊक असते तेव्हा चौथा लायक माणूस निविदा भरण्याच्या फंदात पडत नाही. मग भाव चढतो, आणि चढलेला भाव पाणीपट्टीतून आणि घरपट्टीतून आपण भरतो. तिसरा आक्षेप खाजगी जीवनाचा. तो मला महत्त्वाचा वाटतो. कोणाचे दुखणे, कोणाचे घरगुती प्रकरण चव्हाट्यावर येऊ नये हे कोण नाकारील? पण २००५ च्या कायद्यात त्याची सोय होतीच. ज्या खाजगी माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही तीच नाकारावयाची, आणि जी माहिती संसदेस नाकारता येत नाही ती नागरिकासही नाकारावयाची नाही, असा तराजू होता. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने ते कलम बदलून 'व्यक्तिगत माहिती' एवढेच ठेविले. लोकहित मोठे असल्यास माहिती देण्याची मुभा दुसऱ्या कलमात शिल्लक आहे. पण ती सिद्ध करण्याचा भार आता मागणाऱ्यावर पडणार. निवृत्तिवेतनाच्या यादीत नावे असतात, हजेरीपटावर नावे असतात. नावे झाकलेला हजेरीपट गावापुढे वाचावयाचा तरी कसा?

आता पुन्हा आमच्या जिल्ह्याकडे येतो. २२ जुलै २०२२ रोजी बऱ्हाणपूर हा 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हा ठरला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील १,०१,९०५ घरांपैकी ३७,२४१ घरांत नळ होता. तीन वर्षांच्या आत तो सर्व घरांत गेल्याचे जाहीर झाले. मला या आकड्यांपेक्षा त्यामागची रीत अधिक मोलाची वाटते. काम पुरे झाल्याचा दाखला अभियंत्याने ग्रामसभेपुढे मांडावयाचा, आणि सर्व घरांना नियमित व चांगले पाणी मिळते, एकही घर सुटलेले नाही, असा ठराव गावाने करावयाचा. असे ठराव २५४ गावांनी केले. म्हणजे शेवटची सही साहेबाची नसून गावाची. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि फार जोखमीचीही. कारण ठराव एका दिवसाचा असतो आणि पाणी रोजचे.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो आम्हा सरहद्दीवरच्या लोकांस चांगला समजतो. आमच्या जिल्ह्याचे दप्तर हिंदीत. शहरातील आम्हा मराठी मंडळींचे त्यावाचून अडत नाही. परंतु खकनार आणि नेपानगरकडील डोंगराळ भागात कोरकू, भिलाला, बारेला समाजाची वस्ती आहे. तेथील बाईपुढे ठरावाचा छापील हिंदी मसुदा ठेवून अंगठा घेतला तर कारभार उघडा झाला असे म्हणावयाचे काय? कायद्याचे चौथे कलम म्हणते की, माहिती न मागताच प्रसिद्ध करावी, आणि ती करताना स्थानिक भाषा व त्या भागात परिणामकारक ठरेल असे साधन ध्यानात घ्यावे. संगणकावरील पान हे साधन आहे खरे. पण दवंडी हेही साधन आहे, आणि शाळेची भिंतही.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवशी आमच्याकडे ग्रामसभा भरतात. पंपाचे वीजबिल किती आले, पंप चालविणाऱ्यास किती दिले, पाणीपट्टी किती घरांनी भरली आणि महिन्यात किती दिवस नळ कोरडा राहिला, एवढे चार आकडे त्या दिवशी कोणी कोरकूत वाचून दाखविले, तर मागच्या बाजूस बसलेल्या बाया त्यातील कोणता आकडा खोटा ठरवितात, हे ऐकावयास मी खकनारपर्यंत आनंदाने जाईन.