लढाई माणसांशी नाही



१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेला हा ब्राह्मण कवी त्या दिवशी उघडपणे ख्रिस्ताच्या बाजूला उभा राहिला. संसार मोडून पडला. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन काही वर्षे नातलगांकडे राहिल्या.

याच जिल्ह्यातल्या देवरुखातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या ख्रिस्ती तरुणाला आत्मिक युद्ध हा शब्द नवा नसतो. देवाची बाजू आहे, सैतानाची बाजू आहे, कुंपणावर बसायची सोय नाही, हे त्याने प्रवचनात ऐकलेले असते. ते खरेच आहे. घाई होते ती पुढच्या पायरीवर, शत्रू ठरवताना. मग शत्रू शेजारच्या आळीत सापडतो, दुसऱ्या धर्मात सापडतो, कधी आपल्याच मंडळीतल्या दुसऱ्या गटात सापडतो.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल नेमकी हीच वाट बंद करतो. ही झुंज रक्तामांसाच्या माणसांशी नाही, असे तो म्हणतो. तो स्वतः तेव्हा बेड्यांत होता. बोट दाखवायचेच असते, तर ज्यांनी त्याला डांबले ते रोमी सत्ताधीश होते. त्याने शिपायाचा सगळा साज घेतला, पण सत्य कमरेला बांधले, विश्वासाची ढाल केली आणि पायांत शांतीच्या सुवार्तेची तयारी चढवली.

पेत्राची गोष्ट तर याहून बोलकी. गेथशेमाने बागेत त्याने तलवार उपसून महायाजकाच्या चाकराचा, मल्खाचा, कान तोडला. पेत्राची बाजू बरोबर होती, निष्ठेत खोट नव्हती. तरी येशूने त्याला तलवार म्यान करायला सांगितली आणि त्या चाकराचा कान बरा केला. योग्य बाजू निवडली म्हणजे हातून योग्यच घडेल, याची हमी पेत्रालाही मिळाली नाही.

टिळकांच्या संसाराकडे पुन्हा पाहावे ते यासाठी. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्यांचे सोवळेओवळे कायम होते. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही. जात माणसाने केलेली आहे, देवाने नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचारातून उमगले. त्यांनी सोवळे टाकले आणि पुढे १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. हा सगळा झगडा त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात इतक्या मोकळेपणाने लिहिला आहे की, आत्मिक युद्ध म्हणजे काय हे समजायला मराठीत त्याहून चांगले पुस्तक क्वचितच सापडेल. सैतान शोधायला त्या कुणाच्या घरी गेल्या नाहीत. स्वतःच्या मनातली घृणा त्यांनी ओळखली आणि तिच्याशी दोन हात केले.

टिळकांनीही मिशन म्हणजेच ख्रिस्ताची बाजू, असे कधी मानले नाही. परदेशी मिशनऱ्यांच्या वर्चस्वाबद्दल ते बोलत राहिले आणि १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले. त्यांनी उभारलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे स्वतःची विचारशक्ती गहाण ठेवली नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे होणारे हाल त्यांनी जाहीरपणे मांडले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांचे आईवडील १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते. पुढे १८९६-९७ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे गेल्या, मुलींना घेऊन आल्या आणि त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो जणींना आसरा मिळाला. भुकेविरुद्ध, बेवारसपणाविरुद्ध, बाईला ओझे मानणाऱ्या रीतीविरुद्ध ही आघाडी होती. प्रार्थना तिथे रोजची होती, आणि धान्य निवडणेही.

आजच्या पदवीधरासमोर युद्धाचा प्रसंग साध्या कपड्यांत येईल. मुंबई-पुण्यातल्या पहिल्या नोकरीत खोट्या बिलावर सही मागितली जाईल. मोबाइलवर एखाद्या जमातीबद्दल विष ओकणारा मजकूर येईल आणि पाठवणारा सख्खा मित्र असेल, कदाचित आपल्याच चर्चमधला. सही न करणे आणि तो मजकूर पुढे न ढकलणे ही बाजू घेणेच आहे. आणि त्या साहेबाचा, त्या मित्राचा द्वेष न करणे हा त्याच लढाईचा अधिक अवघड भाग आहे.

मार्काच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. कुणीतरी येशूच्या नावाने भुते काढत होता. तो आपल्यातला नाही म्हणून शिष्यांनी त्याला मना केले. येशूने शिष्यांनाच थांबवले. जो आपल्याविरुद्ध नाही तो आपल्या बाजूचा, असे सांगितले. हे वचन देवरुखालाही लागू पडते. इथे १९५४ मध्ये इंदिराबाई ऊर्फ मावशी हळबे यांनी ‘मातृमंदिर’ ही संस्था सुरू केली. त्यातून बाळंतिणींची सेवा, अनाथ मुलांचे संगोपन, गावोगावचे आरोग्याचे काम उभे राहिले. मावशी ख्रिस्ती नव्हत्या. ज्या दुःखाविरुद्ध रमाबाई केडगावात उभ्या होत्या, त्याच दुःखाविरुद्ध त्या इथे उभ्या राहिल्या. देवरुखच्या ख्रिस्ती पदवीधराने हे काम परके समजू नये. सुटीत गावी येईल तेव्हा त्याने तिथे जावे, काय हवे-नको ते विचारावे आणि आपल्या पदवीचा जो उपयोग होईल तो करून द्यावा.