सेवेची विद्या आणि सेवेचा पगार



‘सेवा’ या शब्दाला आपण इतके सोवळे नेसवून ठेवले आहे की, तिची विद्या असते आणि तिला पगारही असावा, असे कोणी म्हटले तर ऐकणारा दचकतो. अमेरिकेत या दोन्ही गोष्टी धरून एक विद्याशाखाच उभी राहिली. तिला तेथे ह्यूमन सर्व्हिसेस म्हणतात. आपण मानवसेवा म्हणू.

ती शिकवली जाते मुख्यतः कम्युनिटी कॉलेजांत. इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ साली अशा दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयाचा आरंभ झाला. फी बेताची, गावाजवळ, नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकता येईल असे. १९६३ साली अध्यक्ष केनेडींनी एका कायद्यावर सही केली. मनोरुग्णांना दूरच्या अजस्र इस्पितळांत कोंडण्याऐवजी त्यांच्या वस्तीजवळच्या केंद्रांत उपचार मिळावेत, हा त्याचा हेतू. पण एवढे डॉक्टर आणायचे कोठून? मग दोन वर्षांत तयार होणारा मदतनीस पुढे आला. १९६५ साली आर्थर पर्ल आणि फ्रँक रीसमन यांनी ‘न्यू करिअर्स फॉर द पुअर’ या ग्रंथात त्याही पुढचे मांडले: गरिबांनी केवळ मदत घ्यायची नाही, मदतीच्या कामात त्यांनाच नोकरी द्या, आणि वर चढायला शिडीही द्या.

तेथे शिकवतात काय? ऐकायला शिकवतात. आपण हसाल, पण ऐकणे ही अवघड कला आहे. समजा, एक बाई घरभाड्यासाठी मदत मागायला आली आणि बोलता बोलता नवऱ्याच्या मारहाणीचे बोलून गेली. आपल्यातला सज्जन माणूस लगेच उपदेश करील, किंवा शेजारणीला सांगेल. शिकलेला कार्यकर्ता आधी तिला सांगतो की ही गोष्ट माझ्यापाशीच राहील. मात्र मुलांवर अत्याचार होत असेल, तर कायद्याने मला कळवावे लागेल. मग तो नोंद करतो, आणि कोणते दार ठोठवायचे ते दाखवतो. याचा सराव वर्गात आणि प्रत्यक्ष संस्थेत, दोन्हीकडे होतो.

पुढे निवारागृहे, व्यसनमुक्ती केंद्रे, वृद्धांच्या आणि अपंगांच्या संस्था येथे काम मिळते. स्वतंत्रपणे मानसोपचार करता येत नाहीत. त्याला वरच्या पदव्या लागतात. आणि पगार? तुटपुंजा. शिडीच्या पायऱ्याही मधेच निखळलेल्या असतात. विद्यापीठात गेल्यावर आधीचे सगळे श्रेयांक धरले जातीलच असे नाही. रीसमनांची शिडी अर्धीच बांधली गेली, असे माझे मत आहे.

आपल्याकडे १९३६ साली मुंबईत समाजकार्याची टाटांची संस्था निघाली, ती पदवीधरांसाठी. खालच्या पायरीचे मोठे काम जामखेडला १९७० पासून झाले. आरोळे दांपत्याने खेड्यातल्या, बहुधा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले, आणि ज्या गावाने त्यांना शिवाशिवीत ठेवले होते त्याच गावच्या बाळंतिणी त्यांच्याकडे येऊ लागल्या. २००५ नंतर देशभर ‘आशा’ आल्या. त्यांना मिळते ते मानधन, वेतन नव्हे. महाराष्ट्रातील आशा २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संपावर गेल्या, तेव्हा सेवा करणाऱ्यांनी पैसे काय मागावेत, असे म्हणणारे सुशिक्षित लोक मला भेटले. ते स्वतः पगारदार होते.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे, येथेच थांबतो.