गाठ म्हणजे कॅन्सरच, असे नाही
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढणारा माणूस आहे. पण मामांच्या आजारपणात जे शिकलो, ते आज बाप्पासमोर सांगतो.

मामांना भाताचा घास छातीत अडकल्यासारखा वाटे. दोन वर्षे ते ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहिले. शेवटी गोंदियाला दुर्बिणीने तपासले, तर अन्ननलिकेत गाठ! घरात रडारड झाली. मामी म्हणाल्या, "आता कापाकापी नको." त्यात आणखी दोन महिने गेले.

नागपूरला गेल्यावर कळले की अन्ननलिकेतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. 'लिओमायोमा' ही साधी गाठ स्नायूच्या थरात तयार होते आणि सावकाश वाढते. वरचे अस्तर बहुधा शाबूत असते. गाठ कोणत्या थरात आहे, हे दुर्बिणीतून केलेल्या सोनोग्राफीत दिसते. ती लिओमायोमासारखी दिसली तर डॉक्टर सहसा तुकडा काढून तपासत नाहीत. तुकडा काढल्यास अस्तर गाठीला चिकटते आणि पुढे ऑपरेशनच्या वेळी फाटू शकते.

लहान आणि त्रास न देणाऱ्या गाठीवर नुसती नजर ठेवतात. मामांची गाठ पाच सेंटिमीटरची होती. बरगड्यांमधल्या लहान छिद्रांतून दुर्बीण घालून डॉक्टरांनी स्नायूचे तंतू बाजूला केले आणि शेंगेतून दाणा काढावा तशी गाठ सोलून काढली. अस्तराला भोक पडले नाही ना, हे हवा सोडून पाहिले आणि स्नायू शिवला. अन्ननलिका कापावी लागली नाही. जपानमध्ये ओसावा यांनी 1933 साली अशी गाठ सोलून काढली होती, तेव्हा मात्र छाती उघडावी लागे. आता काही लहान गाठी तोंडातून दुर्बीण घालूनही काढतात.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला: कॅन्सर नाही.

पण गैरसमज नको. अशा साध्या गाठी क्वचितच सापडतात, कॅन्सर त्याहून जास्त. तंबाखू, खर्रा, दारू घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. घास अडकू लागला, वजन उतरू लागले, तर गोळ्यांवर दिवस काढू नका, लगेच दुर्बिणीची तपासणी करा. साधी गाठ असेल तर भीती जाईल, कॅन्सर असेल तर उपचाराला वेळ मिळेल. आणि रिपोर्ट येण्याआधी घरच्यांनी निकाल लावू नये. आम्ही तो लावला होता आणि मामांचे दोन महिने वाया घालवले.

यंदा मामा प्रसादाचा मोदक पाणी न पिता खातात.

गणपती बाप्पा मोरया!