भिंतीपलीकडचा धूर आणि भाड्याचं घर

(भाड्याच्या घरात राहणाऱ्या स्त्रियांच्या प्रश्नांवरील शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळच्या सत्रात अनामत रकमेबद्दल आणि अकरा महिन्यांच्या कराराबद्दल बरंच बोलणं झालं. माझा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा काहीजणी हसल्या. शेजारच्या सिगारेटचा धूर! हा काय विषय झाला? पण आमच्या समुपदेशन केंद्रात ज्या कपाटात मारहाणीच्या आणि पोटगीच्या फायली आहेत, त्याच कपाटात या तक्रारीही ठेवलेल्या आहेत. का, ते सांगते.

ठाण्यातली एक बाई आमच्याकडे आली होती. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी, कडेवर आठ महिन्यांचं मूल. मुलाच्या छातीत सारखी घरघर. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ सकाळ-संध्याकाळ न्हाणीघरात सिगारेट ओढायचे. आजकालच्या इमारतींत सगळ्या न्हाणीघरांच्या खिडक्या एका डक्टमध्ये उघडतात. खालचा धूर त्या डक्टमधून सरळ हिच्या घरात. खिडकी बंद केली तर कोंदट, उघडली तर धूर. दुपारी तेच गृहस्थ गॅलरीत, म्हणजे तो धूर बैठकीच्या खोलीत. नवरा सकाळी आठला बाहेर पडून रात्री परत येणारा. तो म्हणाला, "तुझंच नाक फार तिखट." घरमालक म्हणाला, "ते कमिटीवर आहेत, मी कशाला वाईटपणा घेऊ? जमत नसेल तर महिन्याची नोटीस द्या आणि दुसरी जागा बघा."

यात बाईचा प्रश्न कुठे आला, असं कुणी विचारील. दिवसाचे चोवीस तास त्या घरात कोण असतं? बाळंतीण, लहान मूल, अंथरुणाला खिळलेली सासू, घरी बसून शिवणकाम करणारी बाई. धूर त्यांच्या वाट्याला येतो आणि भाडेकरार मात्र बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर असतो. जिला त्रास होतो तिची सही कुठेच नाही, त्यामुळे तिच्या तक्रारीलाही कागदावर जागा नाही.

आणि हा नुसता वासाचा त्रास नाही. दुसऱ्याच्या धुराने काय होतं हे जगाला कळलं तेच मुळी बायकांमुळे. जपानमधले डॉक्टर ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीही सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० बायकांची चौदा वर्षांची माहिती तपासली आणि १९८१ साली निष्कर्ष छापला: नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. सिगारेट कंपन्यांनी हा अभ्यास खोटा पाडायचा खूप प्रयत्न केला, पण नंतरच्या अनेक अभ्यासांतून तेच निघालं. २००६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने स्पष्ट सांगितलं की दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी पातळीच नाही, आणि खिडक्या उघडून किंवा पंखे लावून तो पूर्ण जात नाही. आपल्याकडच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत १९ टक्के पुरुष आणि २ टक्के स्त्रिया धूम्रपान करताना आढळल्या, पण घरात धूर सोसावा लागणाऱ्या प्रौढांचं प्रमाण ३८.७ टक्के होतं. ओढणारे थोडे आणि सोसणारे कितीतरी जास्त.

गंमत बघा. खालच्या मजल्यावरचे ते गृहस्थ न्हाणीघरात आणि गॅलरीत का जात होते? तर त्यांच्या बायकोने भांडभांडून त्यांना बैठकीतून बाहेर काढलं होतं, म्हणून! एका बाईने आपल्या घरापुरती जिंकलेली लढाई वरच्या मजल्यावरच्या बाईच्या दारात जाऊन पोचली. मग सगळी इमारत काय म्हणते? "तुम्ही वहिनींना सांगा ना, त्या समजावतील." म्हणजे नवऱ्याची सवय सोडवायचं कामही तिचंच, आणि नाही सुटली तर बोलही तिलाच. आमच्या कार्यकर्त्यांनी ठरवलं आहे की बोलायचं ते ओढणाऱ्या माणसाशी. वहिनींच्या आड लपायची सोय त्याला करून द्यायची नाही.

आता कायद्याचं. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये, मुरली देवरा यांच्या याचिकेवर, बंदीचे आदेश दिले. मग २००३ चा तंबाखूविषयक कायदा आला, २००८ च्या २ ऑक्टोबरपासून त्याचे कडक नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. पण हा कायदा जिथे लोकांची ये-जा असते त्या जागांपुरता आहे. इमारतीच्या जिन्यात, लिफ्टमध्ये कुणी ओढत असेल तर त्याचा आधार घेऊन भांडता येईल. दाराच्या आतल्या खोलीत तो शिरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हवा अपायकारक करण्याविरुद्ध २८० वं कलम आहे, पण तेही सर्वसाधारण लोकांच्या आरोग्याबद्दल बोलतं. एका घराची तक्रार घेऊन चौकीत गेलात तर हवालदार चहा पाजून परत पाठवील. दिवाणी दावा लावून मनाई मागता येते, पण अकरा महिन्यांच्या भाडेकरणीला तारखा परवडत नाहीत. जपानमध्ये नागोयाच्या न्यायालयाने २०१२ साली खालच्या गॅलरीतून येणाऱ्या धुराबद्दल सत्तरी ओलांडलेल्या एका बाईला पन्नास हजार येन भरपाई देवविली. म्हणजे असा दावा जिंकणं अशक्य नाही. फक्त ती बाई दावा संपेपर्यंत त्याच घरात राहू शकत होती, हे ध्यानात घ्या.

मालकाचं म्हणाल तर दोन प्रकार वेगळे करा. जुनी चाळ किंवा पागडीची इमारत असेल तर वरचा, खालचा, दोघांचा मालक एकच असतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या १६ व्या कलमात शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूविरुद्ध मालकाला जागा परत मागता येते, म्हणजे त्याच्या हातात काहीतरी आहे. सोसायटीच्या इमारतीत मात्र प्रत्येक फ्लॅटचा मालक निराळा. तुमच्या मालकाला खालच्या माणसावर काहीच हुकूम चालवता येत नाही. पण तो सोसायटीचा सभासद आहे, तुम्ही नाही. सभासदाने शेजाऱ्यांना उपद्रव देऊ नये असा नियम उपविधींत असतोच, त्याखाली अर्ज त्याने करायचा. तो करत नाही, कारण भाडेकरू वर्षाने जाणार आणि शेजारी कायमचा राहणार.

आता दुसरी फाईल, आणि खरं तर हीच मला जास्त छळते. पुण्यात नोकरी करणाऱ्या तीन मुलींनी मिळून फ्लॅट घेतला होता. त्यातली एक रात्री गॅलरीत सिगारेट ओढायची. वरच्यांना धुराचा त्रास झाला, त्यांनी तक्रार केली. इथपर्यंत ठीक. पण कमिटीच्या पत्रात धुराचा शब्दसुद्धा नव्हता. "इमारतीचं वातावरण बिघडतं, कुटुंबवत्सल लोक राहतात" एवढंच. मालकाने तिघींनाही दोन दिवसांत जागा सोडायला सांगितलं, आणि ज्या दोघी ओढत नव्हत्या त्यांच्या आईवडलांना फोन गेले. ज्या सभेत हा ठराव झाला ती संपल्यावर ठराव मांडणारे तिघे खाली स्कूटरींपाशी उभे राहून काय करत होते, ते त्या मुलींनी वरून पाहिलं. पुरुषाने ओढली तर ती सवय आणि बाईने ओढली तर ते चारित्र्य!

म्हणून मला इथे जरा सावधपणे बोलायचं आहे. आपण जर नुसतं म्हणालो की मालकांना आणि कमिट्यांना धूम्रपानाविरुद्ध जास्त अधिकार द्या, तर ते अधिकार कमिटीवरच्या गृहस्थांवर कधी वापरले जाणार नाहीत. ते वापरले जातील एकट्या राहणाऱ्या बाईवर, परित्यक्तेवर, कॉल सेंटरमधून पहाटे परतणाऱ्या मुलीवर. मांसाहाराच्या निमित्ताने, मित्र घरी येतात या निमित्ताने जे चालतं त्यात आणखी एका निमित्ताची भर पडेल. ठाण्याच्या त्या बाळाची छाती वाचली पाहिजे आणि पुण्याच्या त्या मुलीचं छप्परही वाचलं पाहिजे. दोन्ही एकदम मागता येतं, फक्त तक्रार धुराची करायची, माणसाची नाही.

प्रत्यक्षात म्हणजे काय? आम्ही तक्रार लिहून घेताना कोण ओढतं याच्या आधी धूर कुठून, किती वाजता, कोणत्या खिडकीतून येतो हे विचारतो. पंधरा दिवस वहीत नोंद ठेवायला सांगतो. मूल किंवा म्हातारं माणूस आजारी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडतो. मग ओढणाऱ्याला एकच विनंती, की जागा बदला. ठाण्यात त्या गृहस्थांशी दोन बैठका झाल्या. न्हाणीघर सुटलं, ते आता खाली कुंपणाजवळ जातात. गॅलरी पावसाळ्यात पुन्हा सुरू होते, ते भांडण अजून चालू आहे. सोसायटीत नियम करायचाच असेल तर तो सर्वसाधारण सभेत होऊ द्या. त्यात जिना, लिफ्ट, डक्ट, गॅलरी अशा जागांची नावं असू द्या, आणि तो मालक-भाडेकरू, बाई-पुरुष सगळ्यांना सारखा असू द्या. "संस्कृती", "वातावरण" असले शब्द मसुद्यात दिसले की पेन काढून खोडा.

आणि करार. घर बघायला संध्याकाळी जा, कारण दुपारी धूर नसतो. न्हाणीघराची खिडकी उघडून बघा. धुराचा सततचा त्रास झाला तर मुदतीआधी, दंड न भरता जागा सोडता येईल आणि अनामत परत मिळेल, असं कलम करारात घालायला सांगा. मालक कुरकुरेल, पण जागा रिकामी पडली असेल तर मान्य करतो असा आमचा अनुभव आहे. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, ती जबाबदारी मालकाची, हे भाडे नियंत्रण कायद्याचं ५५ वं कलम. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. "तोंडी ठरलं होतं" म्हणून अनामत बुडवणाऱ्या मालकाला हे कलम नंबरासकट ऐकवा. पण मुदत संपल्यावर मात्र हट्टाने राहू नका, २४ व्या कलमाखाली दुप्पट आकार लागू शकतो.

चहानंतर गटचर्चा आहे. ज्यांनी आपला करार बरोबर आणला आहे त्यांनी तो काढून ठेवा. करारावर सही कुणाची आहे, इथून वाचायला सुरुवात करू.