इंजिनाच्या तेलाची परीक्षा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि इतिहास यांवर विद्वानांची भाषणे झाली. तेथे डिझेल ट्रकच्या काळ्या तेलाविषयी बोलावयास उभे राहणे हे धाडसच होय. शिवाय आम्ही बी. ए.; यंत्रशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. तथापि केंद्र सरकारच्या ज्या खात्यात आमची बहुतेक नोकरी झाली, त्या खात्याच्या ट्रकांचे कागद वर्षानुवर्षे आमच्या टेबलावरून जात आले आहेत. ते वाचता वाचता इंजिनातलेही थोडेफार कळू लागले, एवढाच आमचा अधिकार.

इंजिन चालते म्हणजे झिजते. पिस्टनच्या रिंगा लाइनरवर घासतात, क्रँकशाफ्ट बेअरिंगांत फिरतो, आणि प्रत्येक फेऱ्यात धातूचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात. तेल या सर्व जागी हिंडत असल्यामुळे ते कण त्यात मिसळतात. प्रयोगशाळेत या तेलाचा थोडासा नमुना विजेच्या ठिणगीत किंवा अतितप्त वायूच्या ज्योतीत जाळला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या विशिष्ट रंगाचा प्रकाश देते. त्या प्रकाशाच्या मोजमापावरून कोणता धातू किती आहे हे कळते. हे प्रमाण दशलक्षांश भागांत सांगतात. एक भाग म्हणजे एका किलो तेलात एक मिलिग्रॅम.

लोखंड वाढले तर लाइनर, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट यांकडे पाहावे. क्रोमियम बहुधा रिंगांचे, ॲल्युमिनियम पिस्टनचे, शिसे आणि कथील बेअरिंगांचे. सिलिकॉन हा मात्र बहुधा बाहेरचा पाहुणा, म्हणजे रस्त्यावरील धूळ. सोडियम व पोटॅशियम एकदम दिसू लागले तर रेडिएटरचे पाणी कोठून तरी तेलात उतरत आहे असे समजावे. यातही फसगत होते. नव्या इंजिनात तांबे वाढलेले पाहून बेअरिंग गेले अशी हाकाटी होते. पुष्कळदा ते तांबे तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांतून सुटलेले असते आणि पुढे आपोआप कमी होते. नुकतेच इंजिन उघडून नवे सीलंट लावले असेल तर सिलिकॉन त्यातूनही येतो.

ही विद्या रेल्वेने जन्मास घातली. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने 1940 च्या दशकात आपल्या डिझेल इंजिनांचे तेल असे तपासावयास आरंभ केला. पुढे 1955 च्या सुमारास अमेरिकन नौदलाने ती विमानांच्या इंजिनांसाठी उचलली. आपल्याकडेही रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये तेलाची प्रयोगशाळा हा नित्याचा भाग झाला. ट्रकांकडे ती उशिरा वळली, कारण ट्रकचे इंजिन त्या मानाने स्वस्त, आणि बिघडले तर दोष द्यावयास ड्रायव्हर जवळच असतो.

हे आम्ही विनोदाने म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी एका ट्रकचे इंजिन ठरलेल्या किलोमीटरांच्या निम्म्यातच ओव्हरहॉलिंगला आले. ओढ संपली होती, तेल जळत होते, धूर होत होता. ड्रायव्हर निवृत्तीला आलेला. त्याने तेलाची पातळी पाहिली नाही, किंबहुना तेल विकले असावे, असा ठपका ठेवून वेतनातून वसुलीचा प्रस्ताव आमच्याकडे आला. फाईल चाळताना दिसले की त्याच ट्रकचे तीन तेल-अहवाल कचेरीत पडून होते. पण ते आवक क्रमांकानुसार लावलेले असल्याने तीन निरनिराळ्या फायलींत होते. आम्ही ते शेजारी शेजारी ठेवविले. सिलिकॉन 7, मग 16, मग 41. लोखंड 22, मग 40, मग शंभरावर. ॲल्युमिनियम आणि क्रोमियमही त्यांच्या मागोमाग चढलेले, शिसे मात्र जवळपास जागच्या जागी.

तेल कमी पडून इंजिन बिघडते तेव्हा बहुधा बेअरिंगे आधी जातात, आणि ती तर शाबूत होती. हा धुळीचा मार होता. फोरमनना तेवढेच विचारले. त्यांनी एअर क्लीनरपासून निघणारा रबरी होज काढून पाहिला, तर क्लिपेखाली, वरून दिसणार नाही अशा जागी, तो चिरला होता. खाणीच्या रस्त्यावरची धूळ तेथून न गाळता सरळ आत जात होती. तपासणीच्या वेळी होज काढून पाहणे हे ड्रायव्हरचे काम नव्हे. वसुलीचा प्रस्ताव रद्द झाला, आणि तो गृहस्थ पूर्ण हिशेबानिशी निवृत्त झाला.

यातील एकेक अहवाल सुटा वाचला असता तर, शेवटचा सोडल्यास, कोणालाच काही वाटले नसते. सोळा सिलिकॉन हा आकडा स्वतःशी भयंकर नाही. सातावरून सोळावर जाणे हे मात्र विचारण्याजोगे आहे. म्हणून त्यानंतर दर गाडीला एक तक्ता केला. त्यात तेल किती किलोमीटर चालले आणि मध्यंतरी वरून किती घातले हे दोन रकाने आवर्जून ठेवले. वरचेवर नवे तेल ओतले की धातूचे प्रमाण पातळ होते आणि आजारी इंजिन निरोगी भासते.

नमुना घेण्याची शिस्त त्याहून कठीण. इंजिन चालून गरम असताना, बंद केल्यावर लगेच, डिपस्टिकच्या नळीतून लहान पंपाने तेल ओढावे. सांडते तेल धरावयाचे असेल तर पहिली धार सोडून मधली धरावी, कारण तळाशी गाळ असतो. बाटली कोरी व स्वच्छ हवी. औषधाच्या जुन्या बाटलीतून आलेल्या नमुन्यात सोडियम पाहून प्रयोगशाळेने इंजिन उघडावयाची सूचना केली, असेही घडलेले आम्हांस ठाऊक आहे.

ही परीक्षा म्हणजे भविष्यकथन मात्र नव्हे. सुमारे आठ मायक्रॉनांहून मोठे कण या ज्योतीत नीट जळत नाहीत, म्हणून ते मोजले जात नाहीत. बेअरिंगचे पापुद्रे सुटू लागले तर अहवाल गप्प राहू शकतो. त्यासाठी जुना तेल-फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून पाहाव्या लागतात. कनेक्टिंग रॉडला आतून तडा गेला असेल तर तोही तेलाला कळत नाही.

शिवाय इंजिनेच बदलली आहेत. एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज सहाचे डिझेल आले, त्यात गंधक 10 दशलक्षांशांपर्यंत उतरले. त्यामुळे तेलात आम्ल होण्याची चिंता कमी झाली. पण ज्या इंजिनांत धुराचा काही भाग पुन्हा आत घेतला जातो तेथे काजळीची चिंता वाढली. जुन्या ट्रकांचे आकडे नव्यांना लावू नयेत. आणि एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणीच पुढे चालत नाही, तेव्हा तेल काहीही म्हणो, ट्रक निघतोच. यावर आमचे मत आहे, पण ते येथे सांगण्याचे स्थळ नव्हे.

ज्यांच्या घरी डिझेल गाडी आहे त्यांनी एक साधा प्रयोग करावा. गरम तेलाचा एक थेंब गाळणकागदावर टाकून कागद रात्रभर आडवा ठेवावा. डाग करडा होऊन सारखा पसरला तर तेल अजून काजळी वाहून नेत आहे. मध्ये काळाकुट्ट ठिपका राहून त्याची कड स्पष्ट दिसली तर तेल थकले, बदलावे. धातू यात कळत नाहीत. असे दोन कागद, एक चांगल्या तेलाचा व एक थकलेल्या, आम्ही बरोबर आणले आहेत. ते चहाच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत. हात न लावता पाहावेत, ही विनंती.