शेजपाळी आणि लूप



कराड तालुक्यात टेंभूजवळ कृष्णेचं पाणी उपसलं जातं आणि टप्प्याटप्प्यानं खानापूर-आटपाडीच्या माळावर चढवलं जातं. साताऱ्यात उचललेलं पाणी सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात आलं, की आपण म्हणतो, आवर्तन सुटलं. संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही असंच एक आवर्तन असतं, त्याला लूप म्हणतात. आपल्या ओळखीच्या सात नंबरच्या पाणी मागणी अर्जावरून आज ते समजून घेऊ.

समजा, गावच्या पाणीवापर संस्थेनं हा अर्ज वेबवर आणायचा ठरवला. कुणाचे तीन गट, कुणाचे अकरा. म्हणून पानावर गट नंबर, पीक, क्षेत्र अशा २५ ओळी ठेवल्या. नवशिका प्रोग्रॅमर रकान्यांना पीक-एक, पीक-दोन अशी २५ नावं देतो आणि प्रत्येकासाठी तेच लिहीत बसतो: रिकामं आहे का बघा, क्षेत्र आकड्यात आहे का बघा, साठवा. पहिल्या फॉर्मात मीही हेच केलं होतं. सतराव्या ठिकाणी नाव बदलायचं विसरलो. सोळाव्या शेताचं पीक दोनदा नोंदलं गेलं आणि सतरावं शेत यादीतून गेलं.

पाटकरी असं काम करत नाही. त्याच्या हातात शेजपाळीची यादी असते. टेलपासून, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकापासून, सुरुवात करायची, दार उघडायचं, वेळ भरली की बंद करायचं, वरच्या शेताकडं जायचं. शेत बदलतं, हुकूम तोच राहतो. यादी संपली, पाळी संपली. लूप म्हणजे नेमकं हेच.

मग फॉर्ममधून अशी यादी कशी मिळवायची? पीएचपी या भाषेत रकान्याच्या नावापुढं चौकटी कंस लावला, की सगळी पिकं एकाच यादीत बांधून सर्व्हरकडं येतात. लूप त्यांच्यावरून फिरतो. ओळ रिकामी असेल तर सोडतो, चूक असेल तर ओळीचा नंबर सांगतो, बरोबर असेल तर साठवतो. उद्या २५ च्या ४० ओळी झाल्या तरी लूपला हात लावावा लागत नाही.

इथं एक खोच आहे. अर्जात ‘ठिबक आहे का?’ असा टिक करायचा चौकोन ठेवला. पहिल्या ओळीत डाळिंब, ठिबकवर. दुसऱ्या ओळीत ऊस, पाटपाण्यावर. तिसरीत द्राक्ष, पुन्हा ठिबकवर. आता ब्राउझर टिक न केलेल्या चौकोनाबद्दल सर्व्हरला काहीच कळवत नाही. म्हणजे पिकं तीन आली, पण टिका दोनच. कंस मोकळा ठेवला असेल तर दुसरी टिक सरकून उसाला चिकटते आणि द्राक्षाचं ठिबक जातं. उपाय सोपा आहे: कंसात ओळीचा नंबर घालायचा. पहिल्या ओळीचा शून्य, दुसरीचा एक; गट, पीक, क्षेत्र, ठिबक या चौघांनाही तोच. मग टिक ज्या शेताची, त्याच शेताकडं राहते.

दुसरी अडचण मोठ्या यादीची. ढीगभर रकाने मुद्दाम पाठवून सर्व्हर ठप्प करता येतो, म्हणून २०१२ साली पीएचपीनं मर्यादा घातली: मूळ मांडणीत एका फॉर्ममधून जास्तीत जास्त १००० रकाने घ्यायचे. आता संस्थेच्या सचिवानं ३०० खातेदारांची नावं, गट, पिकं, क्षेत्रं एकाच पानावर भरली, तर रकाने होतात १२००. सर्व्हर पहिले १००० ठेवतो, बाकीचे टाकून देतो. इशारा फार तर सर्व्हरच्या नोंदीत पडतो. भरणाऱ्याला काही कळत नाही. शेवटचे ५० खातेदार कोरडे राहतात. तेव्हा एक तर सर्व्हरवरची मर्यादा वाढवायची, नाहीतर यादी शंभर-शंभरच्या पानांत तोडायची.

टेलला पाणी पोचलं का, यावर आपल्याकडं आवर्तनाची परीक्षा होते. फॉर्म बनवणाऱ्या तरुण मित्रांना माझं तेवढंच सांगणं आहे. पहिली ओळ साठली म्हणून खूश होऊ नका. मधली एक ओळ रिकामी सोडा, एक टिक मुद्दाम गाळा, शेवटची ओळ भरा आणि ती पोचली का, ते बघा.