वाट चुकलेले तंतू

उजव्या हाताने लिहू लागले की डाव्या हाताची बोटेही तशीच हलतात, अशी काही माणसे असतात. पाचव्या-सहाव्या वर्षी हे थोडेफार सगळ्यांतच दिसते. दहा वर्षांनंतरही टिकले, तर मूळ गर्भावस्थेत असू शकते.

गर्भात वाढणाऱ्या मज्जातंतूच्या टोकावर ग्राहक प्रथिने असतात. वाटेतल्या रासायनिक खुणा ती ओळखतात आणि तंतू त्याप्रमाणे वळतो. मध्यरेषेकडे बोलावणारी खूण १९९४मध्ये हाती लागली. अमेरिकी प्रयोगशाळेने तिला चक्क संस्कृत ‘नेतृ’वरून नेट्रिन म्हटले! १९९६मध्ये तिचा ग्राहक ठरला डीसीसी. हा मात्र जुना ओळखीचा. १९९०मध्येच तो मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सापडला होता, नावही त्यावरूनच.

२०१०मध्ये अशा दुहेरी हालचालींच्या काही कुटुंबांत डीसीसी जनुकाची एक प्रत बिघडलेली आढळली. ग्राहक अपुरे पडले की काही तंतू मध्यरेषा ओलांडत नाहीत, आणि एकच आज्ञा दोन्ही हातांना पोचते. घरात बिघाड असूनही एखाद्यात लक्षण दिसतच नाही.

या मुलांची बुद्धी बहुधा शाबूत असते. फार वेळ लिहिले की हात दुखतात. शिक्षकांनी ‘दुसरा हात नीट ठेव’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही; तो हात त्याच्या ताब्यात नसतो.